पलंगाखालचं इंजिन

९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागते. उशिराची कारणं एका कागदावर लिहून काढली होती, पण वाचल्यावर ती मलाच पटेनात. बदली झाली, नवं घर लावायचं होतं, हे सगळं खरं. पण डायरी लिहायला मला रोज वेळ मिळत होता, हेही खरं. तेव्हा कारणं राहू देत.

इथंही काम तेच आहे, दुकानांतले तराजू नि वजनं तपासायची. पितळी वजनांची पेटी घेऊन मी गल्लीत शिरले की दुकानदारांना अचानक आठवतं की आपल्याला कुठंतरी जायचं होतं. नवीन गाव, नवीन गल्ल्या, पण चेहरे तेच.

आज लिहायला नेमकं कारण घडलं. परवा औषधाच्या दुकानातला काटा तपासून बाहेर पडले, तर समोरच्या बाजूला एका बंद दवाखान्याच्या मोठ्या काचेत मोटरसायकल दिसली. दवाखाना दातांचा. आत ती आडवी होणारी खुर्ची, वरचा दिवा, चूळ भरायचं भांडं, सगळं जागच्या जागी. आणि खुर्चीशेजारी, पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकासारखी उभी, मोटोक्रॉसची गाडी. फोर स्ट्रोक. उंच, बिनदिव्याची, बिनआरशांची, खडबडीत टायरांची. पुढच्या पाटीवर आकडा एकेचाळीस.

वहिनी, एकेचाळीस म्हणजे दादाचा नंबर. पण आकडा कुणीही चिकटवू शकतं, म्हणून मी स्वतःला आवरलं. शिवाय खाली पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, तीन वेळच्या विजेत्याची गाडी. मला आठवतं त्याप्रमाणे दादा एकदाच जिंकला. बाकी इतक्यांदा दुसरा आला की आपला धंदाच दोन नंबरचा, असं तूच म्हणायचीस.

मी आत गेले. मालक निवृत्त दंतवैद्य आहेत, वरच्या मजल्यावर एकटे राहतात. गाडी त्यांनी दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारातल्या व्यापाऱ्याकडून घेतली. मला बसायला त्यांनी पेशंटची खुर्ची दिली, दुसरी नव्हतीच. मी सांगितलं की ही कदाचित माझ्या भावाची असेल, खात्री नाही. विकायची नाही म्हणाले. पण विजेत्याची मुलगी शर्यती खेळते हे ऐकल्यावर त्यांचा नूरच पालटला. काचेमागची गाडी म्हणजे बरणीतला दात, म्हणाले. एप्रिलच्या शर्यतीला ती मुलीनं खुशाल चालवावी. फक्त जिनं गाडी बांधली तिनं, म्हणजे तू, स्वतःच्या हातानं लिहून द्यावं की गाडी हीच.

तुला माहीत असेलच, क्लबनं त्यांची गाडी दुसऱ्या खेळाडूला दिली आणि आपल्या भिंगरीचं नाव यादीत आहे पण बुडाखाली गाडी नाही. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. आधी तुला विचारते. गाडी ओळखायची काही खूण आहे का? आणि ती ओळखली जावी, असं तुला वाटतं का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. भीती वाटली म्हणून तो नंतर लिहिला.

फोन केला असता, पण तुझ्या डाव्या कानानं सायलेन्सरपुढे केव्हाच हात टेकलेत, आणि उजव्यानं तू सोयीचं तेवढंच ऐकतेस.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच राहू दे. एकदम वाढला तर मला तपासावा लागेल.

तुझी,
वन्सं

*

१७ फेब्रुवारी

चि. वन्सं,
अनेक आशीर्वाद.

वन्सं म्हटलं की तुला म्हातारं झाल्यासारखं वाटतं, म्हणून मुद्दाम म्हणते. एवढ्या महिन्यांनी पत्र लिहिलंस आणि त्यात मावलं काय, तर दवाखाना. बरं आहे. मी ठीक. दुकानात शिलाई मशिनं रांग लावून उभी आहेत. बायका येतात, दोरा तुटतो म्हणतात, मी सुई उलटी लावलेली असते ती सुलट करते, आणि त्या मला देवमाणूस म्हणतात. मोटारसायकलींना इतकं स्वस्तात कधी पटवता आलं नाही.

आता खुणा. उजव्या पायाखालचं फूटरेस्ट बघ. तिथं माझं वेल्डिंग आहे, मुंग्यांच्या रांगेवर कुणी पाणी ओतावं तसं दिसेल. शर्यतीच्या आदल्या दिवशी तुझा दादा सरावात आपटला आणि ते तुटलं. घाईत जोडलं. तेवढ्या जोडावर तो दुसऱ्या दिवशी उभा राहून जिंकला, म्हणून पुढे मी ते घासून साफ करू दिलं नाही.

मग इंजिन. डाव्या अंगाला नंबर कोरलेला आहे, त्याच्याखाली लोखंडी पंच ठोकून मारलेले ठिपके शोध. आमच्याकडे इंजिनं दोन होती. एक ठिपका म्हणजे सरावाचं, दोन म्हणजे शर्यतीचं. तुला एकच ठिपका दिसणार, हे मी इथूनच सांगते. दुसरं इंजिन माझ्या पलंगाखाली आहे, चादरीत गुंडाळून.

यात लपवाछपवी काही नाही. हंगाम संपला की शर्यतीचं इंजिन बाहेर काढून नव्यानं बांधायचं, ही आमची रीत तुला माहीत आहे. त्या वर्षीही बांधलं. त्याच आठवड्यात तुझा दादा बूट काढायला खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, तेव्हा सरावाचं इंजिन होतं. तशीच गाडी मी विकली आणि घेणाऱ्याला सगळं सांगून विकली. एकाचे तीन विजय मधल्या मालकांनी केले असतील. आणखी दोन मालक मिळाले असते तर त्याला जगज्जेता करून मोकळे झाले असते.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. भिंगरीला यातलं काही कळवू नकोस. तिनं शर्यत सोडावी असं मी म्हणत नाही. पडते, उठते, गुडघे फोडून घेते, मी मलम लावते. पण त्या गाडीवर नको. का, ते मला नीट सांगता येणार नाही, आणि तू तर विचारल्याशिवाय राहणार नाहीस. तरी विचारू नकोस.

हे दंतवैद्य किती वयाचे गं?

आठवण ठेवतेस तशीच ठेव, फक्त जरा लवकर लवकर.

तुझी,
वहिनी

*

२५ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वय विचारलंस म्हणून: सत्तरी ओलांडलेले आहेत. पुढचे दात स्वतःचे आहेत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. यापलीकडे मी चौकशी केली नाही, तूही करू नकोस.

तुझं पत्र मिळाल्यावर मी दवाखान्यात गेले आणि विजेरी घेऊन सरळ फरशीवर आडवी झाले. वेल्डिंग सापडलं. मुंग्या बुडालेल्याच आहेत. मी त्यावरून बोट फिरवलं आणि उगीच बराच वेळ तशीच पडून राहिले. वरून दंतवैद्यांनी विचारलं की उठायला मदत हवी का. मग ठिपका पाहिला. एकच.

आता त्यांना सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस घातले. त्यांनी विचारलं नव्हतं. गाडी त्यांची, आनंद त्यांचा, माझ्या खरेपणाशिवाय त्यांचं काही अडलं नव्हतं. पण पुठ्ठ्यावरचा मजकूर चुकीचा आहे हे माहीत असून मी त्या काचेसमोरून रोज जाणार, हे मला जमेना. कमी भरणाऱ्या वजनावर मी शिक्का मारत नाही, मग इथं कसा मारू? हा खरेपणा की नुसती सवय, कोण जाणे. सांगून टाकलं. जिंकला एकदा, तीनदा नाही; आणि जिंकलं ते इंजिन हे नाही.

ते जाऊन पेशंटच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले की दात उपटायचा असला की ते गिऱ्हाइकाला या इंजिनाची गोष्ट सांगत, म्हणजे त्याचं लक्ष दुसरीकडे जाई. गाडी घेतल्यावरही काही महिने दवाखाना चालू होता. कितीतरी माणसांचे दात आपण खोट्या गोष्टीवर उपटले, याचं त्यांना फार वाईट वाटलं. मी म्हटलं की दात खरे निघाले ना, मग झालं तर. तेव्हा हसले. दुसऱ्या दिवशी पाहते तो पुठ्ठा बदललेला: एकदा जिंकलेल्या गाडीची चासी, सरावाचं इंजिन. मला या गृहस्थांबद्दल आदर वाटू लागला आहे. फक्त आदर, वहिनी.

आता वाईट बातमी. भिंगरीला कळलं. मी सांगितलं नाही, पण माझ्यामुळेच कळलं. तिनं फोनवर सहज विचारलं की आत्या, तुझ्या तिकडे कुठं जुनी गाडी मिळते का बघ ना. मी नाही म्हणू शकत होते. पण ते खोटं झालं असतं, म्हणून मी म्हटलं की या प्रश्नाचं उत्तर मला देता येणार नाही. एवढं ऐकल्यावर कोणती मुलगी गप्प बसेल? शनिवारी ती दारात उभी होती. गाडी काचेतून पाहिली, आकडा पाहिला, आणि काचेला कपाळ लावून उभी राहिली. दंतवैद्यांनी स्वतः खाली येऊन दार उघडलं.

पलंगाखालच्या इंजिनाबद्दल मी तिला काही बोललेले नाही. तिनं त्याबद्दल विचारलं नाही, म्हणून हे मला जमलं.

रागावलीस तर रागाव, पण पत्रातून रागाव. गप्प राहू नकोस.

तुझी,
वन्सं

*

६ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

हे पत्र बघून चक्रावू नकोस. फोन केला असता, पण आई कायम शेजारी असते, आणि तिला ऐकू येत नाही असं आपण समजतो तेव्हाच तिला सगळं ऐकू येतं.

परवा तिकडे आले होते ना, तेव्हा तू कामावर असताना दंतवैद्य आजोबांनी गाडी काढू दिली. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेली. आत्या, कसं सांगू! माझी तंगडी बाबांची आहे ना, क्लबच्या गाडीवर मी उंटावर बसल्यासारखी दिसायचे. या गाडीवर पाय ठेवला आणि तो जिथं जायला हवा तिथंच गेला. त्या वेड्यावाकड्या वेल्डिंगवर सुद्धा बूट बरोब्बर अडकतो. मला बाबांची शर्यत फार आठवत नाही. ते ट्रॅकवर असायचे तेव्हा मी आईकडे बघत असायचे, कारण ती ओठ चावायची आणि मला वाटायचं तिचं काहीतरी दुखतंय.

एकच कटकट आहे. थंड असताना एका किकेत सुरू होते. पण जरा पळवून गरम झाली आणि बंद पडली की मग किका मारून मारून पोटऱ्या भरून येतात. आजोबा म्हणाले, तिलाही भूल द्यावी लागेल. पण शर्यतीत मी बंदच पडू दिली नाही तर प्रश्न येतो कुठं? मी याच गाडीवर उतरणार आहे. ठरलं.

आईला तू सांगणार, हे मला माहीत आहे. तुझ्या पोटात काही राहत नाही असं नाही, पण विचारल्यावर तू थापही मारत नाहीस. म्हणून मीच म्हणते, सांग. माझ्या तोंडून ऐकलं तर ती हो-नाही काहीच म्हणणार नाही, आणि ते मला सोसत नाही.

तुझ्या हातच्या चहाची नाही, पण तुझी आठवण येते.

तुझी,
भिंगरी

*

८ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सोबत भिंगरीचं पत्र तसंच्या तसं पाठवते आहे. त्यातलं थंड आणि गरमचं वाक्य दोनदा वाच. मला त्यातलं कळत नाही, पण तुला कळेल.

ती शर्यतीत उतरणार म्हणते. मी तिला हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. आत्यानं कुठवर बोलावं याचा मी विचार करते आहे. मला मूल नाही, म्हणून मी कधी जास्त बोलते आणि कधी घाबरून गप्प बसते, असं मला वाटतं.

एक विचारायचं आहे. तू विचारू नकोस म्हणालीस, तरी विचारते. राग आला तर हा परिच्छेद सोडून दे. सरावाचं इंजिन बिघडलेलं असेल, आणि तुझ्या पलंगाखाली दुसरं असेल, तर ते या चासीत बसवता येणार नाही का?

उत्तर काहीही दे, माझ्या मनातली तुझी जागा हलत नाही.

तुझी,
वन्सं

*

१३ मार्च

चि. वन्सं,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं तेव्हा हातात मशीनचा पाय होता, तो खाली पडला आणि माझ्या पायावर पडला. तेव्हा आधी कामाचं लिहिते.

त्या गाडीवर भिंगरीनं बसता कामा नये. शर्यतीत तर नाहीच, मैदानातही नाही. गरम झाल्यावर सुरू होत नाही याचा अर्थ व्हॉल्व्ह झिजून वर सरकलेत. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यात कागदाएवढी फट लागते. ती संपली की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. आधी किका मारून दमाल, हे खरं. पण एक दिवस ऐन वेगात, उडी हवेत असताना व्हॉल्व्हचं डोकं तुटेल, इंजिन जाम होईल आणि मागचं चाक जागीच अडकेल. पुढचं मी लिहीत नाही. भिंगरीला तू हे असंच्या असं लिहून कळव. माझ्याशी बोलायला ती घाबरते, हे तिच्या पत्रातून कळलं. ते वेल्डिंग तिच्या बुटाला बसलं हेही कळलं.

आता तुझा प्रश्न. बसवता येईल. अर्ध्या दिवसाचं काम. पण सहा वर्षं पडून असलेलं इंजिन तसंच सुरू करत नाहीत. सील वाळतात. वरचं कव्हर काढून सगळं बघावं लागतं. आणि मी ते उघडणार नाही.

कारण सांगायचा प्रयत्न करते. फटी मी लावायचे, पण कव्हर बसवून त्याचे बोल्ट तुझा दादा आवळायचा. हा नियम त्यानंच घातला होता. म्हणजे ट्रॅकवर काही झालं तर बायकोच्या नावानं खडे फोडता येणार नाहीत, म्हणायचा. दरवर्षी असंच. ते इंजिन त्यानं बंद केलं आणि त्यानंतर कुणी हात लावला नाही. फोटो आहेत, कपडे आहेत, पण कपडे मी धुतले आणि फोटो कुणीतरी दुसऱ्यानं काढलेले. ही एकच वस्तू अशी की त्यानं ठेवली तशी आहे. मी कव्हर काढलं की ती तशी राहणार नाही. परत बंद करता येईल, पण ते मी बंद केलेलं असेल.

तू हसणार नाहीस हे माहीत आहे. वजनाची पेटी बाजूला ठेवून वाच, एवढंच.

माझ्यावर रुसू नकोस.

तुझी,
वहिनी

*

१८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू परत गेल्यावर मी एक गोष्ट केली आहे. ती दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. त्या गाडीला किल्ली नसते, म्हणून मी तिचा स्पार्क प्लग काढून घेतला. सायकलवाल्याकडून पाना आणला. दंतवैद्य दिवा धरून उभे होते आणि जोर लावू नका, हलवत हलवत काढा, दुखणार नाही, असं सारखं सांगत होते; मला की गाडीला ते कळलं नाही. प्लग माझ्या वजनांच्या पेटीत आहे. दुसरा प्लग कुठल्याही दुकानात मिळतो, हे मला कळतं. तरी तू तो आणणार नाहीस, असं समजते.

आईचं पत्र सोबत ठेवलं आहे, पूर्ण. पलंगाखालच्या इंजिनाबद्दलचा भागही. तो तुला दाखवू की नको याचा खूप विचार केला. पण तुला अर्धंच सांगितलं तर आई तुला हट्टी वाटेल, आणि ती तशी नाही. ते वाचून तिच्याकडे हट्ट मात्र करू नकोस. इंजिन तिचं आहे. ती नाही म्हणाली म्हणजे नाही. या वर्षी शर्यत हुकली तर हुकू दे.

रागावून का होईना, पत्र लिही.

तुझी,
आत्या

*

३० मार्च

चि. वन्सं,
अनेक आशीर्वाद.

माझं पत्र पोरीला दाखवलंस म्हणून आधी चार दिवस तुझ्यावर रागावले होते. पाचव्या दिवशी राग कशाला होता ते आठवेना.

भिंगरीनं तुझं पत्र इथं घरीच वाचलं. आदळआपट नाही, रडणं नाही. दुकानात येऊन बसली, मशिनं पुसली, सुया लावून ठेवल्या. मला वाटलं आता मागणार, आता मागणार. मागितलं नाही. मग जेवताना तिनं शांतपणे विचारलं, आई, इंजिन कुठल्या अवस्थेत थांबलंय? म्हणजे कुठल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबलेली राहिली आहे का?

प्रश्न हट्टाचा असता तर मी उडवून लावला असता. पण तो मेकॅनिकचा होता, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं. तर हो, दोन स्प्रिंगा दाबलेल्या आहेत. सहा वर्षं दाबलेल्या आहेत. दाबून राहिली की स्प्रिंग थकते, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगायचे. आणि स्वतः त्याच इंजिनावर रोज झोपत होते. ते त्यानं ठेवलं तसं आहे, असं मी तुला लिहिलं. पण ते तसं राहिलेलंच नव्हतं. आतल्या आत रोज थोडं बदलत होतं. मी फक्त बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि आम्ही दोघींनी ते ओढून बाहेर काढलं. चादर सोडली. तेलाचा वास अजून होता, पण शिळा. मी पाना लावला. बाकीचे बोल्ट निघाले. शेवटचा निघेना.

वन्सं, तुझा दादा बोल्ट कायम नको इतका आवळायचा. शंभरदा सांगितलं होतं की हे ॲल्युमिनियम आहे, आटे जातील, एवढी ताकद असेल तर हँडलवर दाखव. ऐकेल तर शपथ. मी पाना लावते, अंग टाकते, पाना घसरतो. बोटाची सालटी निघाली. आणि माझं तोंड सुटलं. आडदांडा, रेड्या, तुला मेकॅनिकच्या बोटांची किंमत आहे का, सगळं म्हणून झालं. भिंगरी आ वासून बघत राहिली. मग हसायला लागली, मग मीही. तो गेल्यापासून सगळेजण त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलतात, मीही तशीच बोलत होते. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्याशी भांडले. भांडण झाल्यावर बोल्ट निघाला.

आत सगळं स्वच्छ होतं. त्या दोन स्प्रिंगा मऊ पडल्या होत्या, त्या बदलल्या. सील बदलले. फटी मोजल्या, एक सोडून सगळ्या मी लावल्या होत्या तशाच. ती एकही लावली. मग कव्हर बसवलं. भिंगरीनं पान्यासाठी हात पुढे केला. चालवणारा आवळतो, हे तिला ठाऊक होतं. मी दिला नाही. शेवटचा बोल्ट या वेळी मी आवळला. ती का म्हणून विचारत होती. म्हटलं, तुझ्या बाबांना दोष एकट्यानं घ्यायची हौस होती. तू तशी होऊ नकोस. ट्रॅकवर काही खुट्ट झालं तर खुशाल माझ्या नावानं ओरड, मी तिथंच उभी असेन.

तर आम्ही सहा एप्रिलला सकाळच्या बसनं येतो आहोत, इंजिनासकट. ते भिंगरी एकटीच्या हाती पाठवणार होते, पण तुझे दंतवैद्य पाना हातात घेतील आणि इंजिनाला आ करायला सांगतील, अशी भीती वाटते. त्यांना सही देईन. गाडी एकदा जिंकली, एवढंच लिहीन. पुढचं पुढे.

बसच्या डिकीत इंजिन उभंच ठेवायचं, आडवं नाही, हे बसवाल्याशी भांडून ठरवलंय. भांडायची आता परत सवय लागली आहे, तुझ्यासाठीही थोडं शिल्लक ठेवलंय.

तुझी,
वहिनी

*

५ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र टपालात टाकण्यात अर्थ नाही, तू त्याआधी पोचशील. पण तुझ्या पत्राला उत्तर न देता तुला भेटायचं, हे बरं वाटेना, म्हणून लिहून तुझ्या उशीवर ठेवते.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग बराच वेळ हसले नाही. दादाला रेडा म्हणणारं माणूस आपल्या घरात पुन्हा आलं, याचा मला इतका आनंद का व्हावा, ते तपासून पाहायला बसले होते. मग सोडून दिलं. सगळंच तपासायला पाहिजे असं नाही, हे वयाच्या या टप्प्यावर मी डायरीत पहिल्यांदाच लिहिलं.

भीती मात्र आहे. ती एवढ्या उंच उडणार आणि आपण दोघी खाली उभ्या राहणार. ओठ चावायची पाळी आता माझीही येणार. तू उभी असशील तिथं मला उभं करून घे.

दंतवैद्यांनी दवाखान्यातली खुर्ची भिंतीकडे सरकवून मधली जागा मोकळी केली आहे. त्यावरचा दिवा इंजिनाच्या कामाला उत्तम, म्हणाले. हवा तसा वाकवता येतो. पुठ्ठा काढून ठेवला आहे. नवा मजकूर तू आल्यावर.

तुमच्या खोलीत दोन पलंग लावले आहेत. खाली काही ठेवलेलं नाही.

तुझी,
वन्सं

(डायरीत) उद्या: बस येण्याआधी स्टँडवरच्या हातगाडीवाल्याला सांगून ठेवणे, इंजिन आडवं ठेवायचं नाही.